प्रकृति ६१ चें ज्येष्ठमूळ : एका नष्ट पोथीच्या निमित्तानें

बत्तीस शिराळ्याचें नांव निघालें कीं लोकांस नागपंचमी आठवते; कांहींस समर्थस्थापित अकरा मारुतींपैकीं येथला मारुति आठवतो. पोथ्या कोणास आठवत नाहींत. वास्तविक वारणा आणि मोरणा या नद्यांच्या कांठच्या जोशी-उपाध्यांच्या घरांतून चाळीस वर्षांपूर्वीं पंचांगें, जातकें व मुहूर्तग्रंथ यांचे रुमाल असत, आणि मालकाची मर्जी संपादन केली तर ते पाहावयासहि मिळत. अशाच एका रुमालांत, वारणाकांठच्या एका गांवीं, १९८६ सालीं मला भास्कराचार्यांच्या बीजगणिताचीं सात सुटीं पत्रें आढळलीं. त्यांस आरंभ नव्हता व समाप्ति नव्हती. त्यामुळें लेखकाचें नांव किंवा लेखनशक मिळण्याचा मार्ग नव्हता. वर्गप्रकृतीचा शेवटचा भाग आणि चक्रवालाचा बहुतेक भाग एवढाच मजकूर त्यांत होता. मी तेव्हां शाळेंत नुकताच रुजू झालों होतों आणि हस्तलिखितें वाचण्याची हौस नवी होती. दोन दुपारीं त्या घराच्या ओसरीवर बसून मीं तीं पत्रें एका वहींत उतरून घेतलीं व परत रुमालांत बांधून दिलीं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत वारणेचें पाणी त्या घरांत शिरलें. रुमाल दोन दिवस पाण्यांत होता. त्याचें पुढें काय झालें असेल तें पोथ्या हाताळणाऱ्यांस सांगावयास नको. आज त्या सात पत्रांची साक्ष म्हणजे माझी ती वही, दुसरी नाहीं.

गतवर्षीं ती नक्कल मुद्रणासाठीं साफ करीत असतां एका ओळीवर हात थांबला. चक्रवालाच्या दुसऱ्या उदाहरणाच्या अखेरीस जें ज्येष्ठमूळ येतें तें माझ्या वहींत, माझ्याच अक्षरांत, १७६६३११०४९ असें आहे. खरी संख्या १७६६३१९०४९ अशी आहे. सहस्रस्थानीं ९ हवा तेथें १ पडला आहे. ही चूक पोथीची कीं माझी? वरवर पाहतां प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु त्याच्या अनुषंगानें मोठ्या संख्यांच्या पाठाविषयीं जें ध्यानीं आलें तें पोथीसंग्राहकांच्या उपयोगी पडण्यासारखें आहे, म्हणून हा लेख.

ज्यांस गणिताचा परिचय बेताचा आहे त्यांच्यासाठीं मूळ प्रश्न प्रथम मांडतों. एखाद्या संख्येचा वर्ग घ्यावा, त्यास ६१ नीं गुणावें, गुणाकारांत १ मिळवावा. येणारी संख्या पुन्हां वर्गच असली पाहिजे. अशी संख्या कोणती? ज्या संख्येनें गुणावयाचें ती प्रकृति, जो मिळवावयाचा तो क्षेप, पहिल्या वर्गाचें मूळ तें कनिष्ठ किंवा ह्रस्व, आणि दुसऱ्याचें मूळ तें ज्येष्ठ, अशी परिभाषा आहे. प्रकृति ६० घेतली तर उत्तर तोंडीं निघतें : कनिष्ठ ४, ज्येष्ठ ३१, कारण १६ गुणिले ६० म्हणजे ९६०, आणि ९६१ हा ३१ चा वर्ग. प्रकृति ६२ घेतली तर ८ आणि ६३. प्रकृति ६३ घेतली तर १ आणि ८. म्हणजे ६१ च्या अलीकडेपलीकडे पाटीचीहि गरज पडूं नये इतका सोपा प्रकार आहे. आणि खुद्द ६१ ला? तेथें लहानांत लहान कनिष्ठ येतें तें २२६१५३९८०, म्हणजे बावीस कोटी एकसष्ट लक्ष त्रेपन्न हजार नऊशें ऐंशी. आणि ज्येष्ठ १७६६३१९०४९, म्हणजे एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लक्ष एकोणीस हजार एकोणपन्नास. याहून लहान जोडी नाहीं. प्रकृति एकानें वाढली किंवा घटली असतां उत्तर एक-दोन अंकांवरून नऊ-दहा अंकांवर जावें हा या प्रश्नाचा विलक्षण स्वभाव आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा. छत्तिसाव्या वर्षीं, शके १०७२ मध्यें (इ. स. ११५०), त्यांनीं सिद्धांतशिरोमणि रचला. बीजगणित हा त्याचाच एक भाग. त्यांच्या मागून त्यांचा नातू चांगदेव यानें खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला. शके १२०० च्या आंतला, शके ११२८ चा, तो शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणला, आणि त्याच्या शेवटच्या भागांतील मराठी ओळींमुळें तो आपल्या भाषेच्या अभ्यासकांसहि परिचित आहे. गणिताचे ग्रंथ पढविण्यासाठीं दिलेल्या दानाचा तपशील मराठींत कोरलेला आहे, ही गोष्ट मला नेहमींच सुखावणारी वाटते.

चक्रवालासाठीं आचार्यांनीं दोन प्रकृति निवडल्या : ६७ आणि ६१. सदुसष्टाचें उत्तर ५९६७ व ४८८४२ असें येतें. एकसष्टाचें वर दिलेंच आहे. ही निवड सहज झाली असें म्हणवत नाहीं. शंभरापर्यंतच्या सर्व प्रकृतींचीं लघुतम उत्तरें काढून पाहिलीं तर ६१ इतकें मोठें उत्तर दुसऱ्या कोणत्याहि प्रकृतीचें नाहीं. पांचशें वर्षांनंतर, १६५७ सालीं, फ्रान्समधील गणिती फर्मा यानें आपल्या समकालीनांस हाच प्रश्न आव्हान म्हणून घातला, आणि उदाहरणादाखल संख्या दिल्या त्या ६१ आणि १०९. (१०९ चें ज्येष्ठ पंधरा अंकी आहे.) दोघां परस्परअज्ञात माणसांनीं शंभराच्या आंतली नेमकी तीच संख्या उचलावी याचा अर्थ एवढाच कीं दोघांसहि तिचा खोडकरपणा ठाऊक होता. इंग्लंडांत ब्राउंकर यानें रीत शोधून काढली. ऑयलरनें चुकीनें या समीकरणास पेल याचें नांव जोडलें, आणि तें आजतागायत चिकटून आहे. रीत प्रत्येक प्रकृतीस खात्रीनें लागूं पडते हें युरोपांत प्रथम सिद्ध केलें तें लाग्रांज यानें, १७६८ सालीं. श्रेयाच्या या वाटणीवर आपल्याकडे पुष्कळ रोषानें लिहिलें गेलें आहे. मला त्या रोषांत भर घालावयाची नाहीं. आचार्यांची बाजू मांडावयास त्यांची आंकडेमोड समर्थ आहे, आणि ती इतकी थोडकी आहे कीं येथें सबंध देतां येते.

प्रथम कनिष्ठ १ घ्यावें. ६१ मध्यें ३ मिळविले कीं ६४. म्हणून ज्येष्ठ ८, क्षेप ३. आतां कनिष्ठ हें भाज्य, ज्येष्ठ हा प्रक्षेप आणि क्षेप हा हार कल्पून कुट्टकानें असा गुण काढावयाचा कीं त्याच्या वर्गांत व प्रकृतींत अंतर थोडें राहावें. गुण ७ येतो. ७ आणि ८ मिळून १५, त्यास ३ नीं भागून ५ : हें नवें कनिष्ठ. ७ चा वर्ग ४९ हा ६१ हून १२ नीं उणा. १२ ला ३ नीं भागून ४, आणि हा क्षेप ऋण. ज्येष्ठ ३९. पडताळा : २५ गुणिले ६१ म्हणजे १५२५, त्यांतून ४ गेले, राहिले १५२१, तो ३९ चा वर्ग. चक्र एकदांच फिरलें आहे.

येथून पुढें आचार्य चक्र सोडून ब्रह्मगुप्ताच्या भावनेचा आश्रय करतात, आणि येथेंच त्यांचें चातुर्य दिसतें. क्षेप ४ आहे, म्हणून दोन्ही मूळें निम्मीं करावीं : कनिष्ठ ५/२, ज्येष्ठ ३९/२, क्षेप ऋण १. या जोडीची स्वतःशींच भावना केली असतां कनिष्ठ १९५/२, ज्येष्ठ १५२३/२, क्षेप धन १. अपूर्णांक चालत असते तर काम येथेंच संपलें असतें. पूर्णांक पाहिजेत, म्हणून या जोडीची मागल्या जोडीशीं पुन्हां भावना : कनिष्ठ ३८०५, ज्येष्ठ २९७१८, क्षेप ऋण १. आणि शेवटीं हिची स्वतःशींच : कनिष्ठ म्हणजे ३८०५ व २९७१८ यांच्या गुणाकाराची दुप्पट, २२६१५३९८०, ज्येष्ठ १७६६३१९०४९, क्षेप १. पांच पायऱ्या झाल्या. ज्यानें भावना एकदां हातानें केली आहे त्यास हा सर्व हिशेब अर्ध्या घटकेचा आहे.

भावना म्हणजे काय तें एका वाक्यांत सांगावयाचें तर : दोन जोड्यांचीं कनिष्ठें एकमेकांच्या ज्येष्ठांनीं तिरपीं गुणून बेरीज घ्यावी, तें नवें कनिष्ठ, ज्येष्ठांच्या गुणाकारांत कनिष्ठांचा प्रकृतिगुणित गुणाकार मिळवावा, तें नवें ज्येष्ठ, क्षेपांचा गुणाकार तो नवा क्षेप. ही युक्ति ब्रह्मगुप्ताची, इ. स. ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धांतांतली. चक्राची कल्पनाहि भास्कराचार्यांच्या आधींची आहे. ती कोणाची, हें समजलें तें मात्र हस्तलिखितांच्या कृपेनें. लघुभास्करीयावर उदयदिवाकरानें १०७३ सालीं सुंदरी नांवाची टीका लिहिली. तींत जयदेव नांवाच्या आचार्याचे वीस श्लोक उतरून घेतले होते आणि त्यांत चक्रवाल आहे. डॉ. कृपाशंकर शुक्ल यांनीं १९५४ सालीं ते प्रसिद्ध करीपर्यंत जयदेव गणिती म्हणून कोणास ठाऊक नव्हता. त्याचा स्वतःचा ग्रंथ उपलब्ध नाहीं. दुसऱ्याच्या टीकेंत उतारा राहिला म्हणून नांव राहिलें.

आतां संख्येकडे वळूं. जी संख्या अशा रीतीनें जन्मास येते तिच्या अंगावर तिच्या जन्माच्या खुणा राहतात. १७६६३१९०४९ तून १ उणा करून निम्मे करावे : ८८३१५९५२४, हा बरोबर २९७१८ चा वर्ग. उलट १ मिळवून निम्मे करावे : ८८३१५९५२५, हा ३८०५ च्या वर्गाची एकसष्टपट. म्हणजे आपल्या संख्येचे दोन शेजारी मागल्या पायरीवरचीं दोन्ही मूळें घेऊन बसले आहेत. त्याहून मौजेची गोष्ट त्यामागल्या पायरीची. तेथें १९५ आणि १५२३ हे अंश होते. अंतिम कनिष्ठ हें १९५ गुणिले ११५९७६४ आहे, आणि अंतिम ज्येष्ठ हें १५२३ गुणिले ११५९७६३. दोन्ही गुणक एकमेकांस लागून! हें कां होतें तें पाहणें कठिण नाहीं : १५२३ च्या वर्गांतून १ उणा करून निम्मे केले तर पहिला गुणक येतो, ३ उणे करून निम्मे केले तर दुसरा. परंतु कारण समजल्यावरहि पाहण्याचा आनंद कमी होत नाहीं. शाळामास्तरांस हा छंद लागतोच. देवळालीच्या शाळेंत आयुष्य काढलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनीं तर ६१७४ या चार अंकी संख्येवर आपलें नांव कायमचें कोरून ठेवलें. कनिष्ठाचे अवयव पाडले तर २ चा वर्ग, ३ चा वर्ग, ५, १३, १२७ आणि ७६१ असे निघतात. ज्येष्ठ ११ नीं निःशेष भागलें जातें. ही शेवटची गोष्ट पुढें उपयोगी पडणार आहे, ध्यानांत असूं द्यावी.

अशी संख्या पोथींतून पोथींत कशी उतरते याचा विचार संग्राहकानें करावयास हवा. सिद्धांतग्रंथांत मोठ्या संख्या श्लोकांत शब्दांनीं सांगितलेल्या असतात : नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, ख म्हणजे शून्य, आणि वाचन उजवीकडून डावीकडे. ब्राह्मपक्षाप्रमाणें कल्पाचे सावन दिवस १५७७९१६४५०००० आहेत. ही तेरा अंकी संख्या आठशें वर्षें टिकली ती वृत्ताच्या बंधनानें. लेखकानें एक शब्द चुकविला तर बहुधा मात्रा चुकते, आणि कान ती चूक पकडतो. चक्रवालाच्या उदाहरणाचा प्रश्न तेवढा श्लोकांत आहे. त्याचा न्यास, म्हणजे सोडवणुकीची मांडणी, गद्यांत व उघड्या आंकड्यांत आहे. क, ज्ये, क्षे हीं आद्याक्षरें आणि त्यांपुढें अंक, बस्स. येथें वृत्त रक्षणास नाहीं, व्याकरण नाहीं, अर्थाचा संदर्भहि नाहीं. गणित न जाणणाऱ्या लेखकास १७६६३१९०४९ आणि १७६६३११०४९ सारखेच. त्यांतून ऋणसंख्येची खूण म्हणजे अंकाच्या डोक्यावरचा एक टिंब. शाई पुसट झाली, कागदाला डाग पडला, कीं ऋणाचें धन व धनाचें ऋण. माझ्या नक्कलेंत ३८०५ च्या पायरीवर क्षेपाचा टिंब आहे, परंतु ५ व ३९ यांच्या पायरीवर ४ निष्टिंब आहे. तेथें धन ४ घेतले तर १५२५ चे १५२९ होतात आणि तो कोणाचाच वर्ग नव्हे. टिंब हवाच होता हें वाचक कोणत्याहि दुसऱ्या प्रतीची मदत न घेतां सांगूं शकतो.

हीच या मजकुराची थोरवी आहे. काव्याच्या पोथींत एक शब्द गेला तर दहा प्रती जुळवूनहि मूळ शब्द कोणता याविषयीं वाद राहतो. न्यासांतील अंक गेला तर एकच प्रत पुरते, कित्येकदां अर्धें पत्र पुरतें, कारण अलीकडची पायरी पलीकडच्या पायरीची जामीन असते. आमच्या महाराष्ट्रांतील टीकाकारांनीं हें जाणून प्रत्येक पायरीची उपपत्ति दिली आहे. पार्थपूरच्या सूर्यदासानें १५३८ सालीं बीजगणितावर सूर्यप्रकाश लिहिला. विदर्भांतील दधिग्रामच्या घराण्यांतला कृष्ण दैवज्ञ यानें सतराव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास बीजपल्लव अथवा नवांकुर लिहिला, तो पुण्याच्या आनंदाश्रमानें १९३० सालीं छापला. या टीका हाताशीं असल्या तर न्यासांतील लेखनदोष बहुतेक उरतच नाहींत.

माझ्या चुकलेल्या अंकाची परीक्षा मीं मुद्दाम छापील ग्रंथ न उघडतां केली, ती देतों. रीत जुनीच आहे. नवांनीं शेष काढून ताळा पाहण्याचा प्रकार द्वितीय आर्यभटाच्या महासिद्धांतांत आहे. ज्येष्ठ हें २९७१८ च्या वर्गाची दुप्पट अधिक १. २९७१८ च्या अंकांची बेरीज २७, म्हणजे नवांनीं निःशेष; तेव्हां ज्येष्ठाचा नवशेष १ यावयास हवा. वहींतील संख्येच्या अंकांची बेरीज ३८, शेष २. चूक आहे हें ठरलें. परंतु कोठें? नवशेष तें सांगत नाहीं. शिवाय दोन अंकांची अदलाबदल झाली किंवा ० चा ९ झाला तर तो मुकाट बसतो. म्हणून अकराची परीक्षा घ्यावी : एकंस्थानापासून आरंभ करून अंक आळीपाळीनें मिळवीत व वजा करीत जावें. २९७१८ चा अकराशेष ७ येतो. त्याच्या वर्गाची दुप्पट अधिक एक म्हणजे ९९. म्हणून ज्येष्ठ अकरानीं निःशेष असलें पाहिजे. वहींतील संख्येचा शेष ८ येतो.

एकच अंक चुकला आहे असें धरूं. नवांच्या हिशेबानें चुकीचा अंक खऱ्याहून १ नें मोठा तरी असेल किंवा ८ नीं लहान तरी असेल. अकराच्या हिशेबांत १ नें मोठा हा पक्ष कोठेंच बसत नाहीं; ८ नीं लहान हा पक्ष बसतो, तोहि ज्या स्थानांचे अंक वजा होतात तेथेंच : दशक, सहस्र, लक्ष, कोटि आणि अब्ज. आठ मिळवूनहि एकाच अंकांत मावावयाचें तर चुकीचा अंक ० किंवा १ पाहिजे. या पांच स्थानीं अनुक्रमें ४, १, ३, ६ आणि १ आहेत. म्हणजे दोनच जागा उरल्या : सहस्र किंवा अब्ज. अब्जस्थानीं ९ घेतला तर ज्येष्ठ कनिष्ठाच्या चाळीसपटीहूनहि मोठें होतें. पण ६१ हा ६४ हून लहान असल्यामुळें ज्येष्ठ कनिष्ठाच्या आठपटीच्या आंतच राहिलें पाहिजे. राहिलें सहस्रस्थान. तेथें १ चा ९. पाठ निश्चित झाला, आणि दहा अंकी संख्येचा एकहि गुणाकार करावा लागला नाहीं.

येथवर गणितानें साथ दिली. पुढच्या प्रश्नास तें मुकें आहे. चूक कोणी केली?

माझ्या बाजूनें सांगण्यासारखें एवढेंच : उतरलेली प्रत्येक ओळ पोथीशीं पुन्हां ताडून मीं समासांत तांबड्या पेन्सिलीची तिरपी रेघ ओढीत असें. (टिंब देत नसें, ऋणाच्या टिंबाशीं घोटाळा होऊं नये ही अक्कल सुदैवानें तेव्हांहि होती.) या ओळीपुढें ती रेघ आहे. त्याच पत्रावरचे बाकीचे नऊ, म्हणजे ३९, १९५, २९७१८ व कनिष्ठांतला, शुद्ध उतरले आहेत. उलट बाजूनें असें कीं चुकलेल्या अंकाच्या लगेच आधीं १ आहे. ३१९० चे ३११० होणें म्हणजे डोळ्यानें मागलाच अंक पुन्हां उचलणें, आणि हा दोष तीनशें वर्षांपूर्वींच्या लेखकास जडतो तसाच पावसाळी दुपारीं ओसरीवर बसलेल्या सव्वीस वर्षांच्या मास्तरासहि जडतो. शिवाय १ आणि ९ हे आपल्या लिपींत एकमेकांचे आरशांतले भाऊ. काळ्या जाड शाईंत गांठ कोणत्या बाजूस आहे हें पाहण्यास भिंग लागतें, आणि माझ्याजवळ भिंग नव्हतें. तेव्हां मीं गणित करून पाहिलें असतें तर पत्र समोर असतांनाच संशय आला असता आणि एका कटाक्षांत निकाल लागला असता. संस्कृत येत होतें, म्हणून पाठ शुद्ध वाचतां येतो अशी माझी समजूत होती. पांच पायऱ्यांची बेरीज-वजाबाकी करावयास मला तेहेतीस वर्षें लागलीं, आणि त्या अवधींत नदीनें पोथी नेली.

नक्कल छापतांना कोणता अंक घालावा याविषयीं मित्रांचें म्हणणें असें कीं शुद्ध अंक घालून मोकळें व्हावें. चूक उघड आहे, ती मिरविण्यांत काय अर्थ? मला हें पटत नाहीं. शुद्ध अंक कोणासहि, केव्हांहि, कोठेंहि बसून काढतां येतो. वर काढून दाखविलाच आहे. अशुद्ध अंक मात्र एकदां पुसला कीं कोणत्याहि गणितानें परत येत नाहीं. आणि पोथ्यांचीं घराणीं ओळखण्याचें साधन शुद्ध पाठ नव्हे, अशुद्ध पाठच आहे. दोन पोथ्यांत १७६६३१९०४९ आढळलें तर त्यांचा संबंध सिद्ध होत नाहीं, कारण दोघांहि लेखकांस तें स्वतंत्रपणें बरोबर येऊं शकतें. दोहींत सहस्रस्थानीं १ आणि ४ वरचा टिंब गळालेला, असे दोन्ही दोष एकत्र आढळले तर त्या एकाच मातेच्या लेकी असण्याचा संभव बळकट होतो. म्हणून नक्कलेंत १७६६३११०४९ असेंच छापावें, आणि शुद्ध संख्या तळटीपेंत द्यावी, असें मीं ठरविलें आहे.

यावरून एक तक्रारहि नोंदवून ठेवतों. गेल्या कांहीं वर्षांत मीं पाहिलेल्या दोन खासगी संग्रहांतील गणितपोथ्यांवर सुशिक्षित वाचकांनीं बॉलपेननें अंक दुरुस्त केलेले आहेत, तेहि मूळ अंकावर गिरवून. दुरुस्त्या बरोबर आहेत. मूळ लेखकानें काय लिहिलें होतें तें मात्र आतां देवासच ठाऊक. अशा विद्वानांनीं कागदाचा एक चिठोरा पत्रांत घालून ठेवला असता तर त्यांची विद्या आणि पोथी दोन्ही राहिलीं असतीं.

या त्रैमासिकाच्या वाचकांपैकीं ज्यांच्याजवळ बीजगणिताची हस्तलिखित प्रत आहे, विशेषतः सातारा, सांगली व कोल्हापूर भागांतील घरांतून आलेली, त्यांनीं कृपा करून चक्रवालाचें दुसरें उदाहरण काढावें आणि तीन गोष्टी कळवाव्या. कनिष्ठ ५ च्या पायरीवर क्षेप ४ च्या माथ्यावर टिंब आहे कीं नाहीं. शेवटच्या ज्येष्ठाचा सहस्रस्थानचा अंक काय आहे. आणि त्या पत्रावरचे १ व ९ एकमेकांपासून कितपत वेगळे ओळखूं येतात. प्रकाशचित्र पाठवितां आल्यास उत्तमच. अंक चुकला असेल तर तो कृपया तसाच लिहून पाठवावा. पत्रव्यवहार संपादकांच्या पत्त्यावर चालेल.